गुराख्याची मजुरी कोण देणार?

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा महिना आला की आमच्या विरारमध्ये एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. बौद्धांनी दिवाळीचा फराळ करावा की करू नये? व्हॉट्सॲपच्या गटांवर रात्री बारा-बारापर्यंत लढाई चालते. कुणी बावीस प्रतिज्ञांचा फोटो टाकतो, कुणी विचारतो की मग पोरांनी शेजारच्या घरी करंजी खायची नाही का, आणि कुणीतरी एखाद्या ताईच्या घरातल्या कंदिलाचा फोटो काढून “हे बघा आपले आंबेडकरवादी” असं लिहून मोकळा होतो. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांच्या पुरवण्या येतात. “आपले सण, आपली संस्कृती, आपली खाद्यपरंपरा.” त्यातल्या ‘आपली’मध्ये आपण कुठेच नसतो, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याचा रागही येईनासा झालाय.

आमचं म्हणणं असं की या दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. सणाचा हिशोब करायचा तर तो मजुरीपासून करायला हवा. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. विरारच्या डोंगरावर एक गोष्ट आहे आणि नालासोपाऱ्याच्या मातीत एक दगड सापडलेला आहे. दोन्ही समोरासमोर ठेवू.

आधी गोष्ट. नवरात्रात जीवदानीच्या डोंगरावर माणसांची रीघ लागते. पहाटेच्या लोकलने बोरिवली, दहिसर, वसई, पालघरहून लोक उतरतात आणि पायऱ्या चढू लागतात. आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, आदिवासी आणि हो, आपलेही लोक त्यात असतात. त्यांच्यावर आमचा राग नाही. पण चढणाऱ्यांपैकी कितीजणांना या डोंगराची दंतकथा ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही गेली काही वर्षं विचारतोय. तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. गाभा असा आहे.

गावाची गुरं राखणारा एक महार होता. त्याच्या कळपात रोज एक गाय चरायला यायची, पण तिची राखणावळ कुणीच द्यायचं नाही. मालक कोण हे शोधायला तो एके दिवशी संध्याकाळी तिच्या मागे मागे डोंगर चढला. वर एक तेजस्वी स्त्री उभी होती. त्याने तिच्याकडे आपली मजुरी मागितली. ती त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला पुढे झाली, तेव्हा तो म्हणाला, मला शिवू नका, मी महार आहे. विटाळ होणार नाही असं काहीतरी द्या. देवी प्रसन्न झाली. एवढं धर्माचं ज्ञान तुला कुठून आलं, असं म्हणाली आणि वर माग म्हणाली. त्याने मोक्ष मागितला. मग त्या गाईने झेप घेतली, महार तिच्यासोबत गेला, देवी अंतर्धान पावली. जीव दिला म्हणून जीवदानी, अशी नावाची उपपत्तीही सांगितली जाते.

आता ही गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचा. एक कष्टकरी माणूस आपल्या घामाचा दाम मागायला डोंगर चढला. त्याची मागणी साधी होती आणि न्याय्य होती. गोष्ट संपते तेव्हा त्याच्या हातात काय आहे? काही नाही. हातच उरलेला नाही. राखणावळ बुडाली ती बुडालीच, वर त्याचा जीव गेला आणि त्याला मोक्ष असं नाव दिलं गेलं. आणि देवी प्रसन्न कशामुळे झाली? त्याने इमाने इतबारे गुरं राखली म्हणून? छे. आपण अस्पृश्य आहोत हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून. गाईवर त्याचा हात चालतो, ती दिवसभर त्याच्या काठीखाली चरते. पैसे देताना मात्र त्याच्या हाताचा विटाळ होतो. ही व्यवस्था एवढ्या थोडक्यात आणि एवढ्या उघडपणे सांगणारी दुसरी लोककथा आम्हाला तरी ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, अहो लोककथा आहे, एवढं काय मनावर घेता, उलट त्यात महाराला मोक्ष मिळाला म्हणजे त्याचा सन्मानच झाला. हा युक्तिवाद आम्ही खूप ऐकलाय. चोखोबांच्या बाबतीतही तोच करतात. जिवंतपणी महाद्वाराच्या आत येऊ द्यायचं नाही आणि मेल्यावर त्याच दाराशी समाधी बांधायची. सन्मान करायचाच होता तर देवीने त्याचा हात धरून त्यावर मजुरी ठेवली असती, आणि विटाळ झाला नाही हे गावाला दाखवलं असतं. तशी गोष्ट रचायला कुणाची हरकत होती? ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांना तसा शेवट सुचला नाही, यातच सगळं आलं.

याच महिन्यात, अश्विन वद्य द्वादशीला, वसुबारस येते. शहरात सवत्स धेनूची पूजा होते. बायका गहू आणि दूध वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. गाय-वासराला ओवाळतात. गाईला ओवाळणाऱ्या ताटात गुराख्यासाठी काय असतं हे कुणी सांगावं. २०२४ च्या ३० सप्टेंबरला, नवरात्राच्या तोंडावर, महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. जिवंत गाय राज्याची माता, आणि मेलेली गाय पिढ्यानपिढ्या कुणी ओढायची? गावकुसाबाहेरच्यांनी. मेलेल्या आईला ओढून न्यायला शेजारची वस्ती बोलावणारी ही मुलं कुठली, असा प्रश्न पडतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा असं सांगितलं, तेव्हा ते आहारशास्त्र सांगत नव्हते. ते बलुत्याच्या करारातून बाहेर पडा म्हणत होते. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच धाग्याने. कायद्याने ती वतनं जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

आणि गंमत बघा, त्याच द्वादशीला सह्याद्रीच्या पट्ट्यात आदिवासी वाघबारस करतात. एकच तिथी, गावात गाय पुजली जाते आणि रानात वाघ. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे, वाघ्या देवाची लाकडी पाटी उभी असते आणि तिला शेंदूर लागतो. सह्याद्रीत काही ठिकाणी गुराखी पोरं घरोघरचं दूध-तांदूळ गोळा करून देवाच्या ठाण्याजवळ खीर शिजवतात आणि पंगतीला आधी तीच बसतात. जो रानात गुरं घेऊन जातो, ज्याला वाघाची खरी भीती आहे, त्याचा तो सण. पुरवण्यांमध्ये वसुबारसेवर पान भरून मजकूर येतो. वाघबारस आली तर ‘आदिवासींच्या अनोख्या प्रथा’ अशा चौकटीत. अनोख्या कुणासाठी? डहाणू-सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने विरारला येऊन स्टेशनबाहेर भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे आणि आपट्याची पानं विकणाऱ्या बाईसाठी तर नक्कीच नाही. शहराचं तोरण तिच्या शेतातून येतं. तिच्याकडच्या टोपलीत करांदेही असतात, राखेच्या पाण्यात उकडून कडवटपणा काढला की मीठ लावून खायचे. नव्या भाताचा आणि चवळीच्या शेंगांचा हा काळ. शरद ऋतूचं जेवण म्हणतात ते हे, आणि त्यासाठी कुठला असुर मारावा लागत नाही.

असुरावरून आठवलं. नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, हा नरकासुराचा वध. दोन दिवसांनी बलिप्रतिपदा, त्या दिवशी बळीला पाताळात घातलं म्हणून आनंद. आणि त्याच घरातली बाई भावाला, नवऱ्याला ओवाळताना म्हणते, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो! पुराणात वामनाचा जय, आणि बाईच्या तोंडात बळीचं राज्य. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या विसंगतीवरच बोट ठेवलं. पिठाचा बळी करून त्याला मारण्याची प्रथाही त्यांनी तिथे नोंदवली आहे. दीडशे वर्षं झाली, उत्तर कुणी दिलेलं नाही. बाईच्या तोंडचं वाक्य कुणाला पुसता आलं नाही, एवढं मात्र खरं.

आता दगडाकडे येऊ.

नालासोपारा पश्चिमेला, विरारपासून रिक्षाच्या अंतरावर, सोपाऱ्याचा स्तूप आहे. खोदायच्या आधी तो मातीचा उंचवटा होता आणि लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडाला राजा करणारी ही लोकस्मृती आहे, आणि आम्हाला ती डोंगरावरच्या दंतकथेपेक्षा फार मोलाची वाटते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा खोदला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती, सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे तुकडे. त्याच काळात भातेला तळ्याजवळ त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्यात सम्राट सांगतो की आधीचे राजे शिकारीच्या मौजेच्या सफरी करत, मी धम्मयात्रा सुरू केली, त्यात वृद्धांना भेटतो, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटतो. मग बराच काळ गेला. १९५६ साली जवळच्याच भुईगावला दुसरा तुकडा सापडला. तो नवव्या लेखाचा होता.

१९५६! ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी आपल्या भुईगावच्या मातीतून अशोकाचा नववा लेख वर आला. योगायोग म्हणा. आम्ही चमत्कार मानत नाही. पण त्या लेखाचा विषय काय आहे हे कळल्यावर त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

भुईगावचा तुकडा तुटका आहे, पण पूर्ण मजकूर गिरनार, कालसी, शाहबाजगढी इथल्या खडकांवर शाबूत आहे. विषय आहे सणवार आणि मंगलविधी. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, असं अशोक म्हणतो. ते करायला त्याची हरकत नाही, पण त्यांचं फळ थोडं, असं त्याचं मत. ज्याचं फळ मोठं तो विधी कोणता? धम्माचा विधी. आणि त्याची यादी करताना पहिली गोष्ट येते ती दास आणि सेवकांशी योग्य वागणूक. मग गुरुजनांचा आदर, मग प्राण्यांविषयी संयम, मग श्रमण-ब्राह्मणांना दान. हो, ब्राह्मणांना दान हेही त्यात आहे, ते आम्ही झाकून ठेवत नाही. क्रम मात्र बघा. राबणारा माणूस पहिला. त्याच्या वागणुकीवरून सणाचं मोल ठरतं.

डोंगरावरच्या गोष्टीत गुराख्याची मजुरी बुडते आणि त्याला धर्म म्हणतात. आठ-दहा किलोमीटरवरच्या दगडात सेवकाला नीट वागवणं हाच धर्म आहे. एकाच तालुक्यातल्या या दोन परंपरा. यातली एक बघायला नवरात्रात लाखो लोक येतात. दुसरीचा साधा फलक वाचायलाही विरारची शाळकरी मुलं जात नाहीत.

याच लेखात अशोक आणखी एक वाक्य म्हणतो, जे आम्हाला खटकतं. स्त्रिया पुष्कळ क्षुद्र आणि निरर्थक विधी करतात, असं. सम्राट म्हणून मान राखूनही सांगायला हवं की बाईवर ते विधी कुणी लादले हा प्रश्न त्याने विचारला नाही. आणि बावीसशे वर्षांनी आमचे काही कार्यकर्ते तेच करताहेत. कंदील लावला, चकली तळली, म्हणून भरल्या गटात एखाद्या ताईचा पाणउतारा करायचा. तिच्या घरातला पुरुष दारू पितो, ते चालतं. तीही प्रतिज्ञाच आहे, हे सोयीने विसरायचं. बावीस प्रतिज्ञा स्पष्ट आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेश नको, राम-कृष्ण नको, गौरी-गणपती नको, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म नको. त्या अर्थाने लक्ष्मीपूजन आपल्या घरात बसत नाही, यावर आम्ही ठाम आहोत. पण चकलीचा उल्लेख कुठल्याच प्रतिज्ञेत नाही. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूठभर मूग, धने-जिरे. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं, दळायचं, कडकडीत मोहन घालायचं. यात वामन कुठे बसला? पाऊस उघडला, भात घरात आलं, हवेतला दमटपणा गेला, आता तळलेलं टिकेल, हे ऋतूचं शास्त्र आहे. त्यावर पुराणाचा शिक्का नंतर मारला गेला.

खरा प्रश्न त्या भाजणीपाशी कोण उभं आहे हा आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळींमधून शेकडो बाया दसऱ्यापासून किलोमागे मजुरीवर फराळ करून देतात. त्यात आपल्या बायका आहेत, मुस्लिम बायका आहेत, उत्तर भारतातून आलेल्या आहेत. तोच फराळ बोरिवली-पार्ल्याच्या दुकानात ‘घरगुती’ म्हणून विकला जातो. काही पाकिटांवर तर ‘ब्राह्मणी चवीचा’ असं लिहिलेलं असतं. ज्या हाताचं पाणी चाललं नसतं त्या हाताची चकली चालते, फक्त पाकिटावर त्या हाताचं नाव नको. दुकानातला भाव आणि बाईला मिळालेली मजुरी शेजारी ठेवून बघा. गुराख्याची गोष्ट जुनी झाली असं कुणी म्हणू नये.

खाद्यपरंपरेच्या नावाखाली काय छापलं जातं तेही याच हिशोबात धरा. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घराघरात गेलं. चांगलं पुस्तक आहे, आमच्याही घरी आहे. पण त्यालाच ‘महाराष्ट्राचं जेवण’ म्हणायची सवय लागली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं हे सांगायला शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यावं लागलं, २०१५ साली. चान्या कशा वाळवायच्या, तेल नसताना काय करायचं, हे त्यात आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना तो एक ‘अ’ अजून पचलेला नाही. कुठल्याही दिवाळी पुरवणीत त्यातली एक पाककृती आम्हाला दिसलेली नाही.

दिवाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात कुठल्याही इमारतीच्या जिन्यात उभे राहा. उरलेला, खवट होऊ घातलेला फराळ वर्तमानपत्रात बांधून घरकामाच्या बाईला दिला जातो. वर सांगितलं जातं, “घे गं, पोरांना होईल.” सफाईवाल्याला, वॉचमनला पोस्त दिली जाते. पोस्त हा शब्दच बघा. द्यायची तर द्या, नाही तर नका देऊ, मागणाऱ्याने वाकून मागायची. महाडमध्ये जे सोडायला सांगितलं होतं ते हेच, फक्त आता ते लिफ्टने वर-खाली जातं. याच्या उलट बोनस. कायद्याने तो किमान ८.३३ टक्के ठरलेला आहे, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांवर एक पगार. तो मागताना वाकावं लागत नाही. म्हणूनच कामगाराला कायमस्वरूपी ठेवायचं नाही, ठेकेदाराकडून घ्यायचं, म्हणजे बोनसची पाळी येत नाही आणि पोस्तीवर काम भागतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फटाक्यांचा कचरा रस्त्यावरून उचलणारे हात बहुतेक कुणाचे असतात हे आम्ही सांगायची गरज नाही. अनेकांच्या गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बाबासाहेबांचं पदक असतं.

म्हणून या वर्षी आम्ही आमच्या वस्तीत फराळावरचा वाद बंद ठेवायचं ठरवलंय. त्याऐवजी तीन कामं काढली आहेत. अशोक विजयादशमीला सकाळी सोपाऱ्याच्या स्तूपावर वंदना, आणि तिथून मुलांना घेऊन भुईगाव. नवव्या लेखाचं मराठी वाचन तिथेच उघड्यावर करायचं, स्त्रियांबद्दलच्या वाक्यासकट, त्यावर मुलींना काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं. दुसरं, किलोमागे फराळ करणाऱ्या बायांनी आपसात बसून एकच दर ठरवायचा आणि त्याखाली कुणी काम घ्यायचं नाही. ही बैठक पुढच्या रविवारी दुपारी विहारात आहे, भाजणी दळायच्या आत. तिसरं, आपल्यातले जे ज्या इमारतीत राहतात त्यांनी सोसायटीच्या सभेत घरकामगार आणि सफाई कामगारांना एक महिन्याचा पगार दिवाळीआधी, कागदावर सही घेऊन, मिळावा असा ठराव मांडायचा. आपल्यापैकीही कित्येकांच्या घरी आता कामाला बाई येते. तिचा पगार आधी द्या, मग गटावर लिहा.

जीवदानीच्या पायऱ्यांवर जाणाऱ्या आपल्या माणसांना आम्ही अडवणार नाही. जाताना त्यांनी फक्त एकदा वर, गाय जिथून उडाली म्हणतात तिथे, शेजारच्या माणसाला विचारावं, की त्या गुराख्याची राखणावळ किती झाली होती.